बातमीत वाचकाचा हात

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. त्या वेळी पडद्यावर दाखविलेली चित्रे येथे छापणे शक्य नसल्याने ती शब्दांत सांगितली आहेत.)



मला जे सांगावयाचे आहे ते श्रोत्यांपेक्षा वाचकांसंबंधीच आहे. म्हणून यापुढे मी आपणांस वाचक समजूनच बोलणार आहे.

मला विषय देण्यात आला तो असा : इंटरनेटवरील वृत्तपत्रांत वाचकाला भाग घ्यावयास लावणारी जी नवी साधने आली आहेत, त्यांमुळे बातमी सांगण्याच्या रीतीत काय फरक पडला? शैक्षणिक संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घरातही आज मोबाइल आहे, आणि आपली मुले-मुली जगाची खबर त्यातूनच घेतात. ती खबर त्यांच्यापर्यंत कोणत्या रूपात येते आणि ती घेताना त्यांचे डोके चालू राहते की बंद पडते, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे.

'खबर' हा शब्द आपण अरबीतून घेतला आणि 'अखबार' हे त्याचेच अनेकवचन. मोगल अमलात प्रांतोप्रांती वाकेनवीस नेमलेले असत. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतही वाकनीस होता. बातमी लिहिणारा एका टोकाला आणि वाचणारा वा ऐकणारा दुसऱ्या टोकाला, ही त्या काळची मांडणी. पुढे छापखाना आला, आकाशवाणी आली, दूरदर्शन आले. बातमी पोहोचण्याचा वेळ कमी झाला, पण ही दोन टोके जागच्या जागीच राहिली. वाचकाने करावयाचे म्हणजे फार तर 'संपादकांस पत्र' लिहावयाचे, आणि तेही छापून येईलच अशी खात्री नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्यात बदल झाला. आता अशी बातमी निघू लागली आहे की जी वाचकाने काहीतरी केल्याखेरीज पुरी होत नाही. त्याने आपला अंदाज सांगावा, आपले गाव शोधावे, एखादे कागदपत्र तपासावे, मग बातमी पुढे सरकते. इंग्रजीत तिला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतात. मराठीत 'परस्परसंवादी' असा शब्द करण्यात आला आहे, परंतु तो उच्चारताना जिभेला फार कष्ट पडतात. मी तिला आपली साधी 'हाताळायची बातमी' म्हणेन.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स ह्या अमेरिकन वृत्तपत्राने आपल्या संकेतस्थळावर एक आलेख प्रसिद्ध केला. आलेख रिकामा होता! आडव्या रेषेवर आईबापांची मिळकत मांडलेली : डाव्या टोकास देशातील सर्वांत गरीब घरे, उजव्या टोकास सर्वांत श्रीमंत. उभ्या रेषेवर, त्या त्या घरातील शंभर मुलांपैकी किती मुले कॉलेजात जातात हे प्रमाण. मध्ये काहीच नाही. वाचकाला सांगण्यात आले होते की रेघ तुम्हीच काढा. वाचकाने बोटाने किंवा माउसने आपल्या समजुतीप्रमाणे रेघ ओढावयाची. ती पुरी झाल्यावरच खरी रेघ शेजारी उमटे, आणि इतर वाचकांनी काय काढले होते तेही दिसे. आकडे राज चेट्टी आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांच्या संशोधनातले होते. आलेख ग्रेगोर आइश, अमांडा कॉक्स आणि केव्हिन क्वीली ह्या तिघांनी रचला होता.

वाचकहो, आपणही क्षणभर मनातल्या मनात ही रेघ काढून पाहा. गरीब घरांकडे ती अगदी खाली असेल, मग मध्यमवर्गापाशी झपाट्याने वर चढेल, आणि पुढे श्रीमंतांकडे सपाट होईल, कारण एका मर्यादेनंतर आणखी पैशाने काय फरक पडणार, असे आपणांस वाटेल. निदान मला तसे वाटले असते. खरी रेघ जवळजवळ सरळ आहे. म्हणजे मिळकतीची एक पायरी वर गेले की कॉलेजात जाण्याची शक्यता तेवढ्याच मापाने वाढते, आणि हे खालपासून वरपर्यंत सारखेच चालते. 'अमुक एवढी मिळकत झाली की पुढे गरिबी आड येत नाही' असा उंबरठा त्या देशात सापडत नाही.

हीच बातमी साध्या वाक्यात छापता आली असती, आणि वाचकाने 'हो, असेल' म्हणून पान उलटले असते. पण स्वतःची रेघ आधी काढून बसलेल्या माणसाला पान उलटता येत नाही. त्याची रेघ आणि सत्याची रेघ ह्यांमध्ये जे अंतर पडते ते त्याचे स्वतःचे असते. २०१७ मध्ये येआ-सुल किम, कॅथरिना राइनेके आणि जेसिका हलमन ह्या संशोधिकांनी ह्याच गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यात असे आढळले की आपला अंदाज आधी मांडून नंतर त्यातील व खऱ्या आकड्यांतील फरक पाहणाऱ्यांना ते आकडे अधिक चांगले स्मरणात राहतात. येथे बसलेल्या गणिताच्या शिक्षकांना ह्यात नवल वाटणार नाही. उत्तर आधी फळ्यावर लिहून मग रीत सांगणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी रीत कधी शिकत नाहीत, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

माझ्या मते हाताळण्याच्या बातमीचे सारे सामर्थ्य ह्या एका गोष्टीत आहे : ती वाचकाला सांगण्यापूर्वी विचारते. बाकीचे रंग, हलती चित्रे आणि संगीत हा वरचा साज झाला.

ह्याच वृत्तपत्राने २०१३ च्या डिसेंबरात एक प्रश्नावली दिली होती. रोजच्या व्यवहारातल्या पंचवीस वस्तूंना व गोष्टींना तुम्ही काय म्हणता, हे विचारावयाचे आणि उत्तरांवरून तुमची बोली अमेरिकेच्या कोणत्या भागातली ते नकाशावर दाखवावयाचे. जोश कात्झ ह्या तरुणाचे ते काम. वर्ष संपण्यास दहा दिवस उरले असताना प्रसिद्ध होऊनही त्या वर्षी त्या संकेतस्थळावरचे सर्वांत अधिक पाहिले गेलेले पान तेच ठरले, कारण प्रत्येकाला त्यात आपले गाव दिसत होते. आपल्याकडे कोकणी मुसलमानाची बोली निराळी, मराठवाड्यातल्या घरातली दखनी निराळी. ह्यांचा असा नकाशा कोणी केला तर त्यात भाषाशास्त्रही येईल आणि घराघरांत हशाही पिकेल. असो.

आता करोनाच्या साथीकडे वळू. त्या काळची आठवण कोणालाच सुखाची नाही, परंतु ह्या विषयात ती टाळता येत नाही.

१४ मार्च २०२० रोजी वॉशिंग्टन पोस्ट ह्या वृत्तपत्राने हॅरी स्टीव्हन्स ह्यांचा एक लेख संकेतस्थळावर दिला. हे गृहस्थ पूर्वी दिल्लीच्या हिंदुस्तान टाइम्समध्ये काम करीत असत. आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली ती २५ मार्चला, म्हणजे त्यानंतर अकरा दिवसांनी. लेखात एक काल्पनिक रोग होता आणि दोनशे वस्तीचे एक काल्पनिक गाव होते. माणसांच्या जागी ठिपके. ठिपके इकडेतिकडे फिरत, आजारी ठिपका निरोगी ठिपक्याला लागला की तोही आजारी होई, काही वेळाने बरा होई. हेच चार प्रकारे चालवून दाखविले होते : सर्वांना मोकळे सोडून, गावाच्या एका भागाला कोंडून घालण्याचा प्रयत्न करून, बऱ्याच ठिपक्यांना जागच्या जागी थांबवून, आणि त्याहूनही अधिकांना थांबवून. ठिपक्यांची हालचाल यदृच्छेने ठरत असल्याने प्रत्येक वाचकाच्या पडद्यावर निकाल थोडा निराळा येई. त्या वेळी तो लेख त्या संकेतस्थळाच्या इतिहासात सर्वांत अधिक पाहिला गेलेला ठरला, आणि अनेक भाषांत त्याचे रूपांतर झाले.

लेखाच्या शेवटी लेखकाने आपल्या खेळातील उणीवही सांगितली होती. खरे जीवन ठिपक्यांहून फार गुंतागुंतीचे असते, आणि ह्या खेळात कोणी मरत नाही, खऱ्या साथीत मात्र माणसे मरतात. आपल्या साधनाची मर्यादा वाचकापुढे स्वतःच ठेवणे, ही सचोटी मला त्या साऱ्या करामतीपेक्षा मोठी वाटते.

त्या ठिपक्यांना नाव नव्हते, गाव नव्हते आणि धर्मही नव्हता. ठिपके फिरतात म्हणून रोग पसरतो आणि थांबतात म्हणून आटोक्यात येतो, एवढेच वाचकाच्या डोळ्यांना दिसत होते. वाचकहो, त्याच वर्षी एप्रिल महिन्यात आपल्या देशात ह्याच साथीची बातमी कशी सांगितली जात होती, ते आठवा. दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील तबलिगी मेळाव्याशी संबंध असलेले रुग्ण रोजच्या आकड्यांत निराळे मोजून सांगितले जात. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरले आणि त्याचा भाजीच्या गाडीवाल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत कोणाकोणाला काय त्रास झाला, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्यास आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द ठरविले. त्या लोकांना बळीचा बकरा करण्यात आल्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखविली, आणि प्रसारमाध्यमांनी चालविलेल्या प्रचारावरही कडक ताशेरे ओढले. पण न्यायालयाचा निकाल ऑगस्टात आला, आणि बातमीने आपले काम एप्रिलातच उरकले होते.

जी बातमी नुसती ऐकवली जाते तिच्यात उलट प्रश्न विचारण्यास जागा नसते. 'अमुक मेळाव्याचे इतके रुग्ण' ह्या वाक्याला एकच प्रश्न विचारावयास हवा होता : तपासणी एकूण किती लोकांची केली, आणि त्यांपैकी त्या मेळाव्याचे किती होते? एका गटातील लोकांना शोधून शोधून तपासले आणि बाकीच्यांना क्वचितच तपासले, तर त्या गटाचा आकडा मोठा दिसणारच. हे समजावयास सातवीतले शेकडेवारीचे गणित पुरे होते. पण प्रश्न विचारावयाचा कोणाला? दूरदर्शन संचाला? त्याच काळात काही स्वयंसेवकांनी मिळून 'कोविड नाइन्टीन इंडिया' ह्या नावाचे एक संकेतस्थळ चालविले होते. राज्याराज्यांची जाहीर पत्रके गोळा करून ते रुग्णांबरोबर तपासण्यांचे आकडेही मांडीत, आणि कोणालाही ते उतरवून घेता येत. ऑक्टोबर २०२१ अखेर त्यांनी ते काम थांबविले. ज्याला शंका होती त्याला तेथे जाऊन भागाकार करता येत होता. भागाकार करणारे किती निघाले हे मला सांगता येणार नाही. पण निदान तशी सोय होती, आणि ती करणारे कोणी मोठे वृत्तपत्र नव्हते, ह्याची नोंद घ्यावी.

इथवर आपण पाहिले ते वाचकाने समजून घेण्याविषयी. वाचकाचा हात ह्याहून पुढेही जाऊ शकतो, म्हणजे तो बातमी मिळवून देऊ शकतो.

इंग्लंडमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाचे प्रकरण गाजले. सरकारी पैशातून कोणी काय काय वसूल केले ह्याची गुप्त माहिती डेली टेलिग्राफ ह्या वृत्तपत्राने मे महिन्यात फोडली होती. जूनमध्ये पार्लमेंटने कागदपत्रे स्वतःच जाहीर केली, पण ती सुमारे साडेचार लाख पानांची! गार्डियन ह्या प्रतिस्पर्धी वृत्तपत्राकडे एवढी पाने वाचावयास माणसे कोठून येणार? त्यांनी सारी पाने संकेतस्थळावर ठेवली आणि वाचकांनाच सांगितले की एकेक पान उघडा, वाचा, आणि त्यात काही विशेष नाही, काही आहे, की चौकशी करण्यासारखे आहे, तेवढे बटण दाबून कळवा. किती पाने झाली व किती राहिली हेही पानावर दिसत राही. पहिल्या ऐंशी तासांत वीस हजारांवर वाचकांनी एक लाख सत्तर हजार पाने तपासून टाकली. ह्या लोकांना कोणी मोबदला दिला नव्हता. 'हे माझे काम आहे' असे त्यांना वाटले, कारण काम नेमके होते आणि एकेका माणसाच्या आवाक्यातले होते. आपल्या संस्थांत 'सर्वांनी सहकार्य करावे' असे आवाहन दरवर्षी छापले जाते आणि कोणी येत नाही. एक पान, एक बटण, एवढे नेमके काम हाती दिले तर लोक येतात, असे गार्डियनचा अनुभव सांगतो.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील केनिया देशाचे आहे. २७ डिसेंबर २००७ रोजी तेथे निवडणूक झाली. निकालावरून दंगली उसळल्या आणि हजारांहून अधिक माणसे मारली गेली. सरकारने ३० डिसेंबरला थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. कोठे काय घडते आहे हे कोणालाच कळेना. ओरी ओकोलो नावाच्या वकील बाईंनी आणि त्यांच्या काही मित्रांनी जानेवारी २००८ मध्ये थोड्याच दिवसांत एक नकाशा उभा केला. आपल्या डोळ्यांदेखत जे घडले ते लोकांनी मोबाइलच्या लघुसंदेशाने वा इंटरनेटवरून कळवावयाचे, आणि ते त्या नकाशावर त्या त्या जागी उमटावयाचे. ह्या उपक्रमाला त्यांनी नाव दिले 'उशाहिदी'. हा स्वाहिली भाषेतला शब्द आहे, अर्थ 'साक्ष'. आपल्या कानाला तो ओळखीचा वाटला असेल, आणि ते बरोबरच आहे. अरबी 'शाहिद' आणि 'शहादत' ज्या धातूपासून आले त्याचेच हे आफ्रिकेतले भावंड. पुढे जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला तेव्हा हीच व्यवस्था मदतीसाठी वापरली गेली, आणि ढिगाऱ्यांतून आलेले तेथील क्रिओल भाषेतले संदेश परदेशी राहणाऱ्या हैतीच्याच लोकांनी बसल्या जागी भाषांतर करून दिले.

साक्ष म्हटली की साक्षीदाराची पारख आली. आपल्या परंपरेत ह्या पारखीचे एक संपूर्ण शास्त्रच झाले. हदीस सांगणारा रावी कोण, त्याने ती कोणाकडून ऐकली, दोघे एका काळात होते का, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याचा खरेपणा कसा, ही सारी साखळी तपासल्याखेरीज मुहद्दिसांनी रिवायत स्वीकारली नाही. पवित्र कुराणात सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचाच आदेश आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे : अजाणता एखाद्या समूहाला इजा होऊ नये.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाचकाचा हात बातमीला लागला की भलेच होते असे मुळीच नाही. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठविणे हाही वाचकाचा सहभागच आहे, आणि आपल्या देशात सर्वांत अधिक घडणारा सहभाग तोच आहे. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली गरीब माणसे होती. त्या दिवसांत मुले पळविल्याच्या अशा अफवा मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पाठविणाऱ्या शेकडो बोटांपैकी एकानेही 'हे कोणी पाहिले?' असे विचारले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तेव्हा बोट तेच. ठिपक्यांचा खेळ पाहताना ते थांबते, आलेखावर रेघ काढताना ते विचार करते, आणि पुढे पाठविताना ते काहीच करीत नाही, नुसते दाबते. चांगली हाताळायची बातमी ह्या बोटाला थोडा वेळ थांबविते, हा मला तिचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

आता तिच्या दोषांकडे. दोष आहेत, आणि भाबडेपणाने सारे स्वागत करणे बरे नव्हे.

एप्रिल २०१५ मध्ये बीबीसीने सीरियातील निर्वासितांविषयी एक पान केले. वाचकाने समजावयाचे की आपण घरदार विकून कुटुंबासह देश सोडला आहे. आता इजिप्तला जावे की तुर्कस्तानला, दलालावर विश्वास ठेवावा की नाही, मुलांना बरोबर न्यावे की मागे ठेवावे, प्रत्येक वळणावर एक निवड करावयाची आणि तिचे परिणाम भोगावयाचे. काही इंग्रजी वृत्तपत्रांनी ह्यावर झोड उठविली की माणसांच्या दुःखाचा तुम्ही खेळ केला. करणाऱ्यांचे म्हणणे असे की ह्या साऱ्या निवडी खऱ्या निर्वासितांच्या हकिकतींवरून घेतल्या आहेत. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, परंतु माझा कल बीबीसीच्या बाजूने आहे. निर्वासित मूर्ख असतो म्हणून बुडत्या नावेत बसतो असे ज्याला वाटते, त्याने ते पान चालवून पाहावे. प्रत्येक दार बंद होत जाते आणि नावच उरते. मात्र एक अट मी घालीन. अशा खेळात जिंकल्याचे टाळ्या-ढोल नसावेत, आणि त्या पानावर नव्हते असे मानावयास हरकत नाही.

दुसरा दोष म्हणजे पुष्कळ वाचक बटण दाबतच नाहीत. वर ज्या ग्रेगोर आइश ह्यांचा उल्लेख केला त्यांनीच २०१७ मध्ये लिहून ठेवले आहे की असे पान उघडणाऱ्यांपैकी शेकडा दहा-पंधराच बटणांना हात लावतात. बाकीचे खाली सरकत जातात. म्हणून जे अत्यावश्यक आहे ते बटणामागे लपवू नये, हा धडा मोठमोठ्या वृत्तपत्रांनी घेतला. रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये बांगलादेशातील रोहिंग्या छावण्यांविषयी जे चित्रमय वृत्त दिले त्यात वाचकाने नुसते खाली सरकावयाचे होते. छावणीचे नकाशे आणि आकृत्या एकामागून एक पुढे येत, पाण्याचे हातपंप कोठे आणि शौचकूप कोठे ते दिसू लागे, आणि दोहोंतले अंतर किती थोडे आहे हे पाहून पोटात गोळा येई. 'छावणीत रोगराईचा धोका आहे' हे वाक्य आपण शंभरदा वाचतो आणि विसरतो. त्या पंपाशेजारचा तो शौचकूप विसरता येत नाही.

काही वेळा नुसता थाटच अधिक होतो हेही खरे. २०१२ अखेर न्यूयॉर्क टाइम्सने हिमकडा कोसळल्याच्या दुर्घटनेवर 'स्नो फॉल' ही मोठी चित्रमय कथा दिली, तिला पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिकही मिळाले, आणि त्यानंतर जो तो तसेच करू लागला. जॉन ब्रँच ह्यांचे मूळ लेखनच उत्तम होते, हे नक्कल करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

आणि ही पाने टिकत नाहीत. पूर्वीची बरीचशी हाताळायची वृत्ते 'फ्लॅश' नावाच्या साधनावर चालत. ते साधन ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद करण्यात आले आणि त्याबरोबर कितीतरी पाने, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याविषयीचीही, उघडेनाशी झाली. आपल्या ग्रंथालयातली पन्नास वर्षांपूर्वीची स्मरणिका वाळवी लागली नसेल तर आजही वाचता येते.

म्हणूनच मी एक सूचना करून थांबणार आहे. आपल्या संस्थेजवळ न्यूयॉर्क टाइम्सची यंत्रे नाहीत, पण रिकामा आलेख कागदावरही छापता येतो. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत असे एक पान असावे. आडव्या रेषेवर इयत्ता पाचवी ते दहावी. उभ्या रेषेवर शून्य ते शंभर. आपल्या शाळेत पाचवीत दाखल झालेल्या शंभर मुलींपैकी प्रत्येक इयत्तेत किती उरतात, ती रेघ पालकांनी घरी बसून पेन्सिलीने काढावी, आई आणि वडील ह्यांनी वेगवेगळी काढली तर अधिक चांगले, आणि मग खरी रेघ पाहावी. माझी रेघ मी आज येथे सांगत नाही, कारण खरी रेघ मीही पाहिलेली नाही. ती मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरात आहे. दाखल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण हे तिन्ही रकाने त्यात असतात. नववीच्या मुलींनी शिक्षिकांच्या देखरेखीखाली गेल्या दहा वर्षांच्या नोंदी मोजाव्यात. कोणाचेही नाव बाहेर येऊ देऊ नये, फक्त संख्या घ्यावी. कारणांच्या रकान्यात काय लिहिले आहे तेही मोजावे. 'घरगुती अडचण' एवढेच लिहून जेथे विषय मिटविला असेल तेथे त्या गल्लीतल्या मुलींना थोडी अधिक माहिती असेल. गावाच्या कोणत्या मोहल्ल्यातून गळती अधिक होते हे एका हाती काढलेल्या नकाशावर दाखविता आले तर शाळा दूर आहे म्हणून मुली थांबतात, की दुसऱ्या काही कारणाने, ह्याचाही अंदाज येईल. हे काम दिवाळीच्या सुट्टीच्या आत उरकेल.

छापखान्याला एकच गोष्ट आठवणीने सांगावी. खऱ्या रेघेचे पान रिकाम्या आलेखाच्या पाठपोट येऊ देऊ नये. स्मरणिकेचा कागद पातळ असतो, आणि उजेडात धरले की मागची रेघ दिसते.